गराज, फरशी आणि अर्धा टक्का

गराजच्या जमिनीला फरशी घालायची म्हटलं की आपल्या मराठी मंडळींचे दोन तट पडतात. पहिला म्हणतो, "गाडी उभी करायच्या जागेला कसले आलेत चोचले?" हे लोक निदान निरुपद्रवी. दुसरा तट मात्र घातक. त्यांचं म्हणणं, "सेलमध्ये मिळेल ती घे रे, टाइल ती टाइल!" आजची पोस्ट या दुसऱ्या तटासाठी. (दादा, नाव घेत नाहीये, पण समजलास ना? :-))

पुण्या-मुंबईत हे खपून जातं, कारण तिथे पाणी गोठत नाही. इथे मिनेसोटात जानेवारीत पारा उणे वीसच्याही खाली जाऊन बसतो. ज्या गराजला हीटर नाही तिथली जमीन हिवाळाभर गोठते, वितळते, पुन्हा गोठते. गाडी आत आली की चाकांवरच्या कमानीत अडकलेला बर्फ रस्त्यावरचं मीठ घेऊन खाली टपकतो. ते खारं पाणी फरशीत मुरतं, आणि पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं. फ्रीजरमध्ये विसरलेली काचेची बाटली आठवा. फरशीच्या पोटात तेच चालू असतं; आधी वरच्या झिलईचे टवके उडतात, मग फरशीच फुटते.

म्हणून दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न रंगाचा नाही, भावाचाही नाही. ही फरशी पाणी किती पिते? हा आकडा माहितीपत्रकात टक्क्यांत दिलेला असतो. ०.५ टक्के किंवा त्याहून कमी असेल तर ती पोर्सेलिन, म्हणजे आपल्याकडे जिला व्हिट्रिफाइड म्हणतात त्या घराण्यातली. भिंतीसाठीच्या साध्या सिरॅमिकचा हाच आकडा १० च्या वर असतो! जोडीला गोठण्या-वितळण्याच्या चाचणीत टिकल्याचा उल्लेख हवा. आकडाच दिलेला नसेल तर ती फरशी घेऊ नका, मग ती फुकट का मिळेना.

इथे विक्रेता हमखास एक हुकमी पान टाकतो. "सर, पीईआय ५ आहे, काही होणार नाही." अहो, पीईआय म्हणजे वरची झिलई घासून किती झिजते त्याचं माप. थंडीशी किंवा गाडीच्या वजनाशी त्याचा संबंध नाही. मुलगा पोहतो का विचारलं तर अक्षर सुंदर आहे म्हणून सांगण्यातला प्रकार.

दुसरं भूत चकचकीतपणाचं. आरशासारखी जमीन फोटोत छान दिसते, हे मान्य. पण आपल्या बहुतेकांच्या घरात गराज हाच खरा दरवाजा असतो. भारतातून सहा महिन्यांसाठी आलेले पंचाहत्तरीचे बाबा स्लिपर घालून कचऱ्याचा डबा न्यायला तिथूनच जातात. ओल्या पॉलिश फरशीवर पाय सटकून खुब्याचं हाड मोडलं, तर त्या चकाकीची किंमत कोणत्या खात्यात लिहायची? व्हिजिटर इन्शुरन्सची भानगड आणखी वेगळीच. घर्षणाचाही आकडा असतो. ओल्या होणाऱ्या सपाट जमिनीसाठी किमान ०.४२ धरतात, तोही घरातल्या जमिनीसाठी. गराजमध्ये बर्फ आणि तेल दोन्ही असतं, तेव्हा त्याहून बराच जास्त आणि हाताला खरखरीत लागणारी मॅट फरशीच बघा.

ज्यांना वाड्यातल्या शहाबादीची आठवण येऊन चुनखडीचा दगड घालावासा वाटतो, त्यांच्या भावना मी समजू शकतो. अंगणात बसून समजू शकतो. मीठ आणि हिमाखाली तो दगड नको.

आणि हे सगळं पाळूनही बरेच जण जिथे पैसे वाचवतात ती जागा फरशीच्या खाली असते. चिकट सिमेंटचे चार गोळे टाकून वर फरशी दाबायची पद्धत इथे अजिबात चालत नाही. खाली पोकळी राहिली की तिथे पाणी साठतं, गोठतं, आणि वरून चाक गेलं की खट्! अशा ओल्या, उघड्या जागी किमान ९५ टक्के पाठ सिमेंटला चिकटलेली हवी. दर ८ ते १२ फुटांवर लवचिक सांधा हवा, आणि काँक्रीटमधले मूळचे सांधे फरशीखाली गाडायचे नाहीत.

एवढं करायचं नसेल तर काँक्रीट उघडं ठेवा, त्यात काही लाज नाही. नाहीतर जाळीच्या, एकमेकांत अडकणाऱ्या प्लॅस्टिकच्या फरश्या टाका. दिसायला खेळण्यातल्या वाटतात, पण पाणी खाली निघून जातं आणि एखादी तुटली तर बदलता येते. स्वस्त सिरॅमिकपेक्षा मी त्या केव्हाही घेईन.

हो, आणि चिकट सिमेंटच्या पिशवीवर किमान तापमान छापलेलं असतं, बहुधा १० अंश सेल्सियसच्या आसपास. थँक्सगिव्हिंगच्या सेलमध्ये फरशी घेऊन त्याच वीकेंडला लावायचा बेत असेल, तर खोकी तळघरात ठेवा आणि मे महिन्याची वाट बघा.