दुखणं त्यांचं, फाईल आपली

मैत्रिणींनो, आजचा विषय प्रोस्टेटच्या कॅन्सरचा. बायकांच्या पुरवणीत पुरुषांच्या ग्रंथीचं काय काम, असं एखादीला वाटेल. पण आपलं राळेगाव घ्या, नाहीतर दुसरं कुठलंही तालुक्याचं गाव. नवऱ्याच्या, सासऱ्यांच्या दुखण्याची पिशवी बाईच्याच खांद्यावर असते. रिपोर्ट तिच्याकडे, गोळ्यांच्या वेळा तिच्याकडे, नागपूरला जायचं तर डबाही तिनंच भरायचा. फक्त दुखणं नेमकं काय, ते तिला कुणी सांगत नाही. लघवीच्या जागेचा विषय निघाला की पुरुष गप्प होतात आणि बाईला खोलीबाहेर बसवलं जातं. माझा राग आहे तो याच गोष्टीवर.

प्रोस्टेट म्हणजे मूत्राशयाच्या खाली असलेली अक्रोडाएवढी ग्रंथी. तिथं कॅन्सर झाला तर ऑपरेशन करतात किंवा रेडिएशन, म्हणजे आपल्याकडे ज्याला ‘शेक’ म्हणतात, तो देतात. उपचार संपले की घर निर्धास्त होतं. पण काही जणांत हा आजार काही वर्षांनी परत डोकं वर काढतो, आणि सुरुवातीला काहीच दुखत नाही. पहिली चाहूल लागते ती रक्तात. पीएसए नावाची साधी रक्ततपासणी असते. ऑपरेशननंतर हा आकडा जवळजवळ शून्यावर यायला हवा. लागोपाठ दोन तपासण्यांत तो 0.2 किंवा त्याहून वर आला, तर डॉक्टरांना शंका येते. शेक घेतलेल्यांचा हिशेब वेगळा असतो: आकडा सगळ्यात खाली जिथं गेला होता, त्याच्या वर 2 ने चढला की सावध व्हायचं.

आता प्रश्न असा, की आजार परत आला तर बसलाय कुठे? आकडा इतका लहान असताना सीटी स्कॅन आणि हाडांच्या स्कॅनमध्ये बहुतेक वेळा काही दिसत नाही. तिथं पीएसएमए पेट स्कॅन कामाला येतो. या कॅन्सरच्या पेशींवर पीएसएमए नावाचं प्रथिन भरपूर असतं. त्याला चिकटणारं औषध, त्यात थोडंसं किरणोत्सारी गॅलियम-68 जोडून, शिरेतून देतात. तासाभरानं स्कॅन काढला की ते औषध जिथं जाऊन बसलं ती जागा चमकते. हे गॅलियम दर 68 मिनिटांनी निम्मं होतं, साठवून ठेवता येत नाही. म्हणून ही सोय तालुक्याला नसते, मोठ्या शहरातच जावं लागतं. आपल्या देशातलं पहिलं पेट मशीन 2002 साली परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये आलं. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं गॅलियमच्या या तपासणीला डिसेंबर 2020 मध्ये मान्यता दिली.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. नुसतं ‘पेट स्कॅन’ म्हणून भागत नाही. नेहमीच्या पेट स्कॅनमध्ये साखरेसारखं औषध देतात, आणि प्रोस्टेटचा कॅन्सर बरेचदा साखर फारशी ओढत नाही. डॉक्टर कधी मुद्दाम तोही सांगतात, पण चिठ्ठीवर कोणता लिहिलाय आणि का, हे पैसे भरायच्या आधी विचारा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत तो बसतो का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. कापसाचा पैसा हातात आला म्हणून घाई नको, आणि नाही म्हणून लाजही नको.

स्कॅन म्हणजे देववाणी नव्हे. बरगडीतला एखादा साधा ठिपकाही कधी चमकतो. उलट, स्कॅन कोरा आला म्हणजे आजार नाहीच, असंही नाही. ऑपरेशननंतर आकडा चढत असेल तर शेक लवकर दिलेला बरा असतो. कोऱ्या रिपोर्टवर विसंबून वर्षभर घरी बसणं महागात पडू शकतं. म्हणून डॉक्टरांना सरळ विचारावं, ‘डॉक्टरसाहेब, या स्कॅननं यांच्या उपचारात काय बदलणार?’ आणि हो, स्कॅनच्या दिवशी काही तास लहान लेकरांना आणि पोटुशी लेक-सुनेला त्यांच्यापासून थोडं लांब ठेवायला सांगतात. तेवढं पाळावं.

माझं म्हणणं इतकंच की, स्कॅनच्याही आधी वही हवी. प्रत्येक पीएसएची तारीख आणि आकडा एका पानावर लिहा, शक्यतो तपासणी एकाच लॅबमध्ये करा. ‘आता बरं आहे, कशाला उगाच रक्त काढायचं?’ असं ते म्हणतील, तेव्हा ऐकू नका. आणि पुढच्या वेळी डॉक्टर मुलाला एकट्याला आत बोलावतील, तेव्हा वही घेऊन तुम्हीही आत जा. ज्या माणसाची रात्रीची उठबस आपण काढतो, त्याच्या दुखण्याचं नाव कळणं हा आपला हक्कच आहे.