ताकद कोणत्या चाकाला?

रेसिंग गेममध्ये गाडी निवडताना मुलं हॉर्सपॉवर बघतात आणि रंग बघतात. आमच्या घरी तर नुसत्या रंगावर पंधरा मिनिटं जातात. सेटिंगच्या पानावर खाली ‘डिफरन्शियल’ नावाच्या दोन-तीन आकड्यांच्या ओळी असतात, त्यांच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. माझ्या पुतण्याने बघितलं तेही नाइलाजाने. वळणातून बाहेर पडताना ॲक्सिलरेटर दाबला की त्याची गाडी गर्रकन फिरून उलट्या तोंडाची व्हायची. “काका, ही घूमून का जाते?” (आपल्या ग्वाल्हेरच्या मराठीत ‘घूमून’ चालतं. पुण्याकडच्या वाचकांनी सांभाळून घ्यावं.)

त्याला मी खिडकीशी नेलं. शिंदे की छावनीच्या रस्त्यावर दिवसभर ई-रिक्षा चालू असतात. रिक्षाचं पुढचं चाक फक्त वळवायला असतं, मोटरचा जोर जातो मागच्या दोन चाकांना. रिक्षा काटकोनात वळली की मागची दोन चाकं सारखं अंतर चालत नाहीत. त्यांच्यात एक मीटर अंतर धरलं, तर बाहेरचं चाक आतल्यापेक्षा सुमारे दीड मीटर जास्त चालतं. दोन्ही एकाच दांड्याला घट्ट जोडली असती, तर प्रत्येक वळणावर एक टायर घासत गेला असता. म्हणून मध्ये डिफरन्शियल असतो. तो दोन्ही चाकांना सारखा जोर देतो, पण वेग ज्याचा त्याला ठरवू देतो.

याच चांगुलपणात त्याची खोट आहे. एक चाक चिखलात गेलं की ते भिंगरीसारखं फिरतं आणि त्याला फिरवायला जोर जवळजवळ लागतच नाही. दोन्हीकडे जोर सारखा वाटायचा, म्हणून कोरड्या डांबरावरच्या चाकालाही तेवढाच, म्हणजे नगण्य जोर मिळतो. पावसाळ्यात एकच चाक खड्ड्यात असताना रिक्षा हलत का नाही आणि चार माणसांना उतरून ढकलावी का लागते, ते यावरून कळावं.

गेममधल्या त्या ओळी याच्याच आहेत. टक्का वाढवला की दोन चाकं एकमेकांना जास्त बांधली जातात आणि एक घसरलं तरी दुसऱ्याला जोर पोचतो. पण फार वाढवला, तर दोन्ही एकदमच घसरतात आणि मागची बाजू बाहेर फेकली जाते. पुतण्याने तो आकडा ‘जास्त म्हणजे चांगला’ म्हणून टोकाला नेला होता. आम्ही तो निम्म्यावर आणला आणि गाडी बरीचशी वठणीवर आली.

आता पुढची चाकं की मागची? टायरची पकड ही महिन्याच्या पगारासारखी ठरलेली असते. वळणं, पळणं आणि थांबणं हे सगळे खर्च त्यातूनच भागवायचे. १९८३ साली आलेल्या मारुती ८०० मध्ये पुढचीच चाकं वळायची आणि ओढायचीही. अशा गाडीला वळणात जास्त गॅस दिला की पुढचे टायर थकतात आणि गाडी वळायचं सोडून सरळ निघते. त्याआधीच्या ॲम्बॅसडरमध्ये आणि मुंबईत कुर्ल्याला बनणाऱ्या प्रीमियर पद्मिनीत जोर मागच्या चाकांना होता. पुढच्यांना वळायला मोकळीक मिळते, पण जोर अती झाला तर मागची बाजू घसरते. पद्मिनीत अती होण्याइतका जोरच नव्हता, हा भाग वेगळा.

मग मुलांचा लाडका उपाय येतो, चारही चाकांना जोर. १९८० च्या ऑडी क्वाट्रोने रॅलीच्या शर्यतींत हे सिद्ध करून दाखवलं. गेममध्ये पुढे-मागे वाटणी बदलता येत असेल, तर मी पुढे ३५ आणि मागे ६५ पासून सुरुवात करायला सांगतो. वेग घेताना गाडीचा भार मागे सरकतो आणि मागचे टायर रस्त्यावर जास्त दाबले जातात, म्हणून जोरही तिकडे जास्त. १९८९ ची निस्सान स्कायलाइन जीटी-आर एरवी मागच्याच चाकांवर चालायची आणि ती घसरू लागली की गरजेपुरता जोर, जास्तीत जास्त निम्मा, पुढे पाठवायची.

हे सगळं इतकं सविस्तर लिहायचं कारण गेमच्या बाहेर आहे. आमच्या घरी गाडी घ्यायची चर्चा चालू आहे आणि पुतण्याचा हट्ट नाशिकच्या कारखान्यातल्या थारचा, तोही फोर-बाय-फोरचाच. त्याचं म्हणणं, “पावसात चारही चाकं रस्ता धरतात, गाडी घसरतच नाही.” लायसन्स नुकतंच हातात आलंय, म्हणून हे वाक्य मला हसण्यावारी नेता येईना. थारमध्ये पुढच्या आणि मागच्या धुरीच्या मध्ये डिफरन्शियल नाही. फोर-बाय-फोर लावलं की दोन्ही धुऱ्या एकमेकींना जखडल्या जातात. चिखलात, वाळूत हे उत्तम, पण कोरड्या पक्क्या रस्त्यावर वळताना गाडी अडखळते आणि यंत्रावर ताण येतो, त्यामुळे तिथे ते लावायचंच नसतं. शिवाय ब्रेक तर साध्या मारुतीचेही चारही चाकांना असतात. चारही चाकांच्या ओढीने गाडी ओल्या रस्त्यावर निघते लवकर, थांबत मात्र लवकर नाही. उरवाई गेटकडून किल्ल्यावर चढताना तिचा उपयोग होईल. पावसात तोच उतार उतरताना गाडीला धरून ठेवतात ते टायर, ब्रेक आणि खालचा गिअर.

बोलून पटेना, तेव्हा त्याच्याच गेममध्ये प्रयोग केला. एकच गाडी, ओला ट्रॅक, तेच टायर. आधी नुसती मागची चाकं, मग चारही. वळणातून बाहेर पडताना चारही चाकांची गाडी सहज पुढे गेली. मग सरळ रस्त्यावर ठरलेल्या वेगाने आणून एकाच खुणेपाशी ब्रेक दाबले. दोन्ही वेळा गाडी जवळजवळ त्याच फलकाशी थांबली. त्याने आणखी चार वेळा करून बघितलं. मग स्वतःच गेममधले टायर बदलून पावसाळी घातले आणि गाडी बरीच अलीकडे थांबली.

थारचा हट्ट अजून आहे. पण परवा शोरूममधून आणलेल्या माहितीपत्रकात तो टायरचं पान शोधत होता.