सिलोनमधील आपली माणसे

बुधवारी रात्री रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला लागली की हातातील कामे बाजूला राहत, हे आमच्या पिढीतील वाचकांना आठवत असेल. १९५२ साली सुरू झालेल्या त्या कार्यक्रमामुळे तो देश आपणांस शेजारघरासारखा वाटे. त्याच देशाच्या डोंगराळ भागात त्या काळी लाखो भारतवंशीय माणसे कोणत्याही देशाची नागरिक नव्हती, ही गोष्ट मात्र आमच्या कानी कधी आली नाही.

हे तमिळ मजूर. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात त्यांना प्रथम कॉफीच्या आणि कॉफीवर रोग पडल्यावर चहाच्या मळ्यांसाठी तिकडे नेले. कँडी, हॅटन, नुवारा एलिया येथील उतारांवर पाठीला टोपली लावून स्त्रियांनी पाने खुडली. चाळीसारख्या एका ओळीतील खोल्यांत पिढ्या वाढल्या. १९४८ साली सिलोन स्वतंत्र झाला. त्याच वर्षीच्या नागरिकत्व कायद्याने बापाचा जन्मही तेथेच झाल्याचा पुरावा मागितला. मळ्यातील मजुराजवळ बापाचा जन्मदाखला कोठून असणार? पाठोपाठ मताधिकारही गेला.

३० ऑक्टोबर १९६४ रोजी लालबहादूर शास्त्री आणि सिरिमावो बंदरनायके यांचा करार झाला. ५ लाख २५ हजार माणसे भारताने घ्यावीत, ३ लाख सिलोनने ठेवावीत, उरलेल्या दीड लाखांचे पुढे पाहू, असे ठरले. १९७४ साली तीही निम्मी निम्मी वाटली गेली. हेतू चांगला असेल. परंतु धान्याची पोती वाटावीत तशी ही वाटणी वाचताना आजही मन खिन्न होते. एक भाऊ भारतीय ठरला, दुसरा तेथेच राहिला, असे घरोघरी घडले. ज्यांनी भारत कधी पाहिलाही नव्हता, ते तलैमन्नारहून आगबोटीने रामेश्वरला उतरले आणि मंडपमच्या छावणीत आले. त्यांपैकी अनेकांसाठी तमिळनाडू सरकारने नीलगिरीत मळे उभारले. तेही चहाचेच!

पुढे यादवी पेटली, आगबोट बंद झाली आणि भारताचे पारपत्र हाती असलेली कित्येक कुटुंबे तिकडेच अडकली. अखेर २००३ साली श्रीलंकेने कायदा करून अशा सर्वांना नागरिकत्व देऊ केले. अट एकच होती: ती व्यक्ती वा तिचे पूर्वज ३० ऑक्टोबर १९६४ पासून तेथे राहत असले पाहिजेत. ज्या दिवशी त्यांची वाटणी झाली होती, तोच हा दिवस.