दानाचाही ताळेबंद असावा

तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या गावी रोटरी, लायन्स या सेवा क्लबांची नावे आता कोणाला नवीन नाहीत. नेत्रशिबिर, रक्तदान, वह्यावाटप, वृक्षारोपण असे कार्यक्रम होतात, त्यांच्या बातम्या छापून येतात. पण युसूफ वडगावसारख्या गावातला आपला व्यापारी आणि कारागीर या कामाकडे दुरूनच पाहतो. हे डॉक्टर, वकील आणि साहेबलोकांचे काम, आपला त्यात काय संबंध, असे त्याला वाटते. आपण रमजानात जकात काढतो, दुकानावर पावतीपुस्तक घेऊन आलेल्याला रिकाम्या हाताने पाठवत नाही, गरिबाच्या मुलीच्या लग्नाला हातभार लावतो, आणि आपली जिम्मेदारी संपली असे मानतो. देणारे हात आपल्याकडे कमी नाहीत. कमी आहे ती दिलेल्या पैशाची देखरेख.

आधी हा साहेबलोकांचा गैरसमज दूर करू. रोटरीची सुरुवात १९०५ साली अमेरिकेतल्या शिकागो शहरात झाली. पहिल्या बैठकीला चार माणसे होती. पॉल हॅरिस हे वकील, एक खाणीचे इंजिनिअर, एक कोळशाचे व्यापारी, आणि चौथे हिराम शोरी, जे कपडे शिवून विकण्याचा धंदा करीत. म्हणजे जगभर पसरलेल्या या संस्थेच्या पहिल्या चारांत एक शिंपी आणि एक कोळसेवाला होता. एकेका धंद्यातून एकेक सदस्य घ्यायचा, म्हणजे भाऊबंदकी आणि स्पर्धा बाहेर राहील, असा त्यांचा सुरुवातीचा नियम होता. लायन्सची स्थापना १९१७ साली मेल्विन जोन्स या विमा व्यावसायिकाने केली. मुंबईत रोटरी क्लब १९२९ साली आला, आणि भारतातला पहिला लायन्स क्लब १९५६ साली मुंबईतच निघाला. बाजारातल्या माणसांनी बाजाराच्या शिस्तीने चालवलेले हे काम आहे. त्यात आपल्याला परके वाटावे असे काही नाही.

शिकागोच्या रोटरीने गावासाठी केलेले पहिले मोठे काम कोणते? १९०७ च्या सुमारास त्यांनी शहरात सार्वजनिक शौचालये व्हावीत म्हणून खटपट केली. आपल्या आठवडी बाजारांचा विचार करा. खेड्यापाड्यातून सकाळी निघालेली बाई संध्याकाळपर्यंत बाजारात असते, आमच्याच दुकानांतून लुगडे, बांगड्या, किराणा घेते. तिच्यासाठी स्वच्छ, पाणी असलेले शौचालय किती बाजारांत सापडते? शंभर वर्षांपूर्वी शिकागोच्या व्यापाऱ्यांना जी गरज दिसली, ती आज मराठवाड्यातल्या आपल्या बाजारात दिसायला हरकत नसावी.

आता या क्लबांनी सर्वांत मोठे काम कसे केले ते पाहू. १९८५ साली रोटरीने जगातून पोलिओ घालवण्याचा कार्यक्रम हाती घेतला. भारतातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधल्या हावड्यात सापडला, आणि २७ मार्च २०१४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने आपला भाग पोलिओमुक्त ठरवला. लस सरकारने दिली, तंत्र संघटनेने दिले. पण उत्तर प्रदेशातल्या काही मुस्लिम मोहल्ल्यांत लसीबद्दल अफवा पसरल्या तेव्हा रोटरीने उलेमांची समिती करून त्यांच्याकडूनच लोकांची समजूत घातली. हे काम वर्षानुवर्षे, एकाच गोष्टीवर नजर ठेवून आणि मोजमाप करून झाले. एका दिवसाच्या कार्यक्रमाने काही साधले नसते.

आपल्याकडे मात्र सेवा म्हटले की एक दिवसाचा कार्यक्रम असेच समीकरण झाले आहे. मंडप, हार, शाल, पाहुणे, फोटो, आणि शेवटी घाईघाईने वाटप. २००४ साली लखनऊमध्ये एका राजकीय नेत्याच्या वाढदिवशी साड्या वाटताना चेंगराचेंगरी झाली आणि वीसहून अधिक स्त्रिया मेल्या. साडी किती किमतीची असेल? देण्याची पद्धत चुकली की दान जीवही घेते, हे त्या दिवशी साऱ्या देशाने पाहिले.

कापडाच्या धंद्यातला माणूस म्हणून मला एक गोष्ट सांगायची आहे. वाटपासाठी ब्लँकेट घ्यायला गिऱ्हाईक येते तेव्हा पहिला प्रश्न असतो, सर्वांत स्वस्त किती रुपयांत? वजन किती, ऊब किती, दोन धुण्यांनंतर काय उरेल, हे क्वचितच कोणी विचारतो. पानिपतला जुन्या लोकरी कपड्यांच्या चिंध्या पिंजून, पुन्हा सूत काढून स्वस्त ब्लँकेट विणतात. त्या मालाला त्याची जागा आहे. पण त्यातलाही सर्वांत हलका नग निवडून शंभर जणांना वाटण्यापेक्षा चाळीस जणांना सोलापूरची दणकट चादर दिली, तर ती चार हिवाळे अंगावर राहील. साड्यांचेही तेच. "देण्याघेण्याची साडी" हा आपल्या दुकानातला वेगळा गठ्ठाच असतो. जी साडी आपण आपल्या घरात नेसायला देणार नाही, ती गरिबाला देऊन सवाबाची अपेक्षा धरणे कितपत बरोबर, याचा विचार ज्याने त्याने करावा.

जुन्या कपड्यांबद्दलही तसेच. २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूत देशभरातून आलेल्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून राहिले, कारण ते तिथल्या लोकांच्या कामाचे नव्हते. अंशू गुप्ता यांच्या गूंज या संस्थेने ते निवडून, वेगळे करून उपयोगात आणले. हीच संस्था गावात विहीर, रस्ता, सफाई अशी कामे लोकांकडून करून घेते आणि मोबदल्यात कपडे देते. घेणाऱ्याला हात पसरावा लागत नाही, कमावल्याचे समाधान मिळते. २०१५ साली गुप्ता यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. कपडा आपला धंदा आहे, तेव्हा कपड्याचा असा उपयोग आपल्याला आधी सुचायला हवा होता.

रक्तदानाचे पाहा. नेत्याचा वाढदिवस किंवा जयंती आली की एकाच दिवशी शेकडो बाटल्या जमतात. पण रक्ताला मुदत असते. तांबड्या पेशी साधारण ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट्स फक्त पाच दिवस. दिवाळीचा सगळा माल एकाच दिवशी भरून वर्षभर दुकान रिकामे ठेवणाऱ्या व्यापाऱ्याला आपण काय म्हणू? उन्हाळ्यात कॉलेजांना सुट्ट्या लागतात, शिबिरे थांबतात आणि रक्ताचा तुटवडा पडतो. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात आपल्याच भागातल्या बाळंतिणी आणि अपघातातले जखमी जातात. निरोगी पुरुष तीन महिन्यांनी, स्त्री चार महिन्यांनी पुन्हा रक्त देऊ शकते. साठ नावांची यादी करून दर महिन्याला पाच जणांनी रुग्णालयात जाऊन यायचे ठरवले, तर प्रत्येकाची पाळी वर्षातून एकदाच येते. त्याला ना मंडप लागतो ना पाहुणा.

नेत्रशिबिराचाही हिशोब आपल्या जिल्ह्याप्रमाणे मांडायला हवा. मोतीबिंदू हिवाळ्यातच काढावा, ही जुनी समजूत अजून घट्ट आहे, म्हणून शिबिरेही त्याच दिवसांत भरतात. आजच्या पद्धतीने ऑपरेशन वर्षभर करता येते. आणि हिवाळ्यात बीड जिल्ह्यातल्या हजारो घरांतली तरणी माणसे ऊसतोडीला गेलेली असतात. दिवाळीच्या आसपास टोळ्या निघतात, त्या उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. घरी राहतात म्हातारी माणसे आणि लहान मुले. ऑपरेशन एका दिवसात होते, पण पुढे चार ते सहा आठवडे वेळेवर थेंब घालावे लागतात, तपासणीला न्यावे लागते, मग चष्म्याचा नंबर काढावा लागतो. हे कोण करणार? शिबिर टोळ्या परतल्यावर उन्हाळ्यात किंवा दसऱ्याआधी घ्यावे. ते जमत नसेल, तर प्रत्येक रुग्णामागे थेंब घालणारा एक शेजारी आधी नेमून ठेवावा. ऑपरेशनाचा आकडा बातमीत येतो. दोन महिन्यांनी किती जणांना दिसू लागले, तो आकडा वहीत असला पाहिजे.

आता आपल्या बिरादरीकडे येतो. मे २०२० मध्ये, कोरोनाच्या दिवसांत, इचलकरंजी या यंत्रमागाच्या गावातल्या मुस्लिम समाजाने रमजानात जकात, सदका आणि इमदाद गोळा करून ३६ लाख रुपये जमवले आणि तिथल्या इंदिरा गांधी स्मृती रुग्णालयात दहा खाटांचा अतिदक्षता विभाग उभा केला. ईदच्या दिवशी त्याचे उद्घाटन झाले. धंदा बंद, माग थंड, तरी कापडाच्या त्या गावाने हे केले. त्या खाटांवर कोण कोणत्या धर्माचा झोपणार, हे कोणी विचारले नाही.

इथे एक काळजी घ्यावी. जकातीचे हकदार कुरआनने आठ प्रकारांत ठरवून दिले आहेत, आणि अनेक उलेमांच्या मते ती रक्कम गरजूच्या मालकीची करून द्यावी लागते. म्हणून दोन वह्या ठेवाव्यात. जकातीची वेगळी, ती गरजूंच्या हातात जाईल. सदका आणि लिल्लाहची वेगळी, त्यातून पाणपोई, शौचालय, रुग्णवाहिकेचे डिझेल अशी सर्वांची कामे होतील. शंका असेल तिथे आलिमांना विचारावे.

"उजव्या हाताने दिलेले डाव्या हाताला कळू नये, मग हिशोब कशाला?" असे काही बुजुर्ग म्हणतील. त्यांचे म्हणणे मोलाचे आहे, पण ते देणाऱ्याने मिरवू नये आणि घेणाऱ्याची लाज राखावी यासाठी आहे. दहा जणांचा पैसा एका हातात आला की ती अमानत होते, आणि अमानतीचा हिशोब द्यावाच लागतो. घेणाऱ्याचे नाव झाकून ठेवा, पैशाचा आकडा उघडा ठेवा. आपण दुकानात भागीदाराला वर्षाचा ताळेबंद दाखवतो, तेव्हा अविश्वास वाटतो का?

व्यापारी बंधूंनो, यासाठी मोठ्या क्लबाची सनद आणण्याची गरज नाही. गावातल्या सर्व समाजांचे दहा-पंधरा दुकानदार आणि कारागीर एकत्र आले तरी पुरे. सात माणसे मिळून १८६० च्या कायद्याखाली संस्था नोंदवता येते, आणि जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात सार्वजनिक न्यास म्हणून तिची नोंद होते. देणगी शक्यतो चेकने किंवा बँकेतून द्यावी. दोन हजार रुपयांवरील रोख देणगीवर प्राप्तिकरात सवलत मिळत नाही, आणि नव्या करप्रणालीत सामान्य करदात्याला ती सवलतच नाही, म्हणून सवलतीच्या आशेने नव्हे तर नियतीने द्यावे. दर तीन महिन्यांनी जमाखर्च मशिदीच्या आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा.

कारागिरांनी आपल्याजवळ पैसा नाही म्हणून मागे राहू नये. शिंप्याने महिन्यातून एक दिवस शाळेच्या मुलांचे गणवेश दुरुस्त करून द्यावेत. वायरमनने दवाखान्याची वायरिंग तपासावी, गवंड्याने पाणपोईचा ओटा बांधावा, मेकॅनिकने रुग्णवाहिका चालू ठेवावी. त्यांच्या दिवसाची मजुरी वहीत दान म्हणून लिहावी, कारण ती शेटजीच्या चेकपेक्षा कमी नाही.

सुरुवात एकाच कामाने करावी आणि ते वर्षभर टिकवावे. माझ्या मते बाजारातले शौचालय आणि रक्तदात्यांची यादी, या दोनपैकी एक घ्यावे. वर्षअखेरीस वही उघडून किती पैसा आला, किती गेला आणि कोणाचे काय भले झाले, हे गावाला वाचून दाखवावे. एवढे ज्या गावाला जमले, त्या गावात पुढच्या वर्षी देणारे आपणहून दारात येतील.