उजळणीचा दिवस कोणी ठरवायचा?

तुमच्या मराठीच्या वहीत मागची काही पाने शब्दार्थांची असतील. फळ्यावरून नीट उतरवून घेतलेली, खाली तांबड्या शाईने रेघ ओढलेली. खरे सांगा, लिहिल्यानंतर ती पाने तुम्ही पुन्हा कधी उघडली? बहुतेकांचे उत्तर ठरलेले आहे : परीक्षेच्या आदल्या रात्री. त्या एका रात्री सगळी वही डोळ्यांखालून घालायची, डुलक्या घेत पेपरला जायचे आणि आठवडाभरात सारे विसरायचे. यालाच आपण अभ्यास म्हणतो. माझ्या मते हा अभ्यास नव्हे, नुसते जागरण आहे.

विसरणे हा काही गुन्हा नाही. तो मनाचा स्वभावच आहे. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन शास्त्रज्ञाने तो मोजून पाहिला आणि १८८५ साली त्यावर पुस्तक लिहिले. प्रयोग त्याने स्वतःवरच केले. अर्थ नसलेले लहान लहान ध्वनिगट तो पाठ करी आणि ठरावीक वेळाने त्यांतले किती उरले ते तपासी. पहिल्या काही तासांत आपण झपाट्याने विसरतो, पुढे तो वेग मंदावतो, असे त्याला दिसले. त्याचा दुसरा निष्कर्ष मला अधिक मोलाचा वाटतो. बारा ध्वनिगटांची एक ओळ आदल्या दिवशी सलग ६८ वेळा घोकून जो लाभ झाला, तोच लाभ तीन दिवसांत विभागून केलेल्या ३८ आवर्तनांनी झाला. मधे अंतर ठेवले एवढ्यानेच तीस आवर्तने वाचली!

ही गोष्ट आपल्या मोहल्ल्यात नवी नाही. तुमच्यापैकी कोणाचा भाऊ हिफ्ज करीत असेल, तर त्याचा रोजचा क्रम पाहा. सबक म्हणजे नवा धडा, सबकी म्हणजे नुकत्याच झालेल्या धड्यांची उजळणी आणि मंजिल म्हणजे जुन्या पाठाची उजळणी. नवे घेताना जुने सुटू द्यायचे नाही. मात्र त्याच्यावर लक्ष ठेवायला उस्ताद असतात. तुमच्या वहीतल्या आठशे शब्दांपैकी कोणता शब्द आज पाहायचा आणि कोणता महिन्याने, हे कोण सांगणार?

सेबास्टियन लाइटनर या जर्मन लेखकाने १९७२ साली यासाठी एक साधी पेटी सुचवली. तिच्यात कप्पे. कार्डाच्या एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर. उत्तर बरोबर आले की कार्ड पुढच्या कप्प्यात जाते, चुकले की पुन्हा पहिल्या कप्प्यात येते. पहिला कप्पा रोज पाहायचा, पुढचे कप्पे अधिकाधिक दिवसांनी. पुढे पोलंडमधील पिओत्र वोझ्नियाक या विद्यार्थ्याने हाच हिशेब आधी कागदावर मांडला आणि १९८७ साली त्यासाठी संगणकाचा कार्यक्रम लिहिला. तोच सुपरमेमो. त्यात पहिली उजळणी एका दिवसाने, दुसरी सहा दिवसांनी आणि त्यानंतर दर वेळी अंतर साधारण अडीच पट. शब्द कठीण गेला तर अंतर कमी. आज पुष्कळ विद्यार्थी वापरतात ती आन्की २००६ साली डेमियन एल्म्स यांनी तयार केली. जपानी भाषेत आन्की म्हणजे पाठ करणे. संगणकावर आणि अँड्रॉइड मोबाईलवर ती फुकट मिळते. आयफोनवर पैसे पडतात.

पण कार्यक्रम मोबाईलमध्ये घेतला म्हणजे मराठी आली, असे समजू नका. तो फक्त तारखा सांभाळतो. कार्डावर काय लिहायचे, हे तुम्हालाच ठरवावे लागते. दुसऱ्याने बनवलेली हजारो कार्डे आयती मिळतात. ती घेऊ नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. उर्दू बोलणारा मुलगा मराठीत कोठे अडखळतो, हे त्या परक्या माणसाला काय ठाऊक! 'खाली' हा शब्द घ्या. उर्दूत खाली म्हणजे रिकामे, मराठीत खाली म्हणजे नीचे. 'कायदा' म्हटल्यावर तुम्हाला लहानपणचे अक्षरओळखीचे पुस्तक आठवते. मराठीत तो कानून आहे. 'शिकस्त' तर फारच गमतीचा शब्द. उर्दूत तो पराभव, आणि मराठीत प्रयत्नांची शिकस्त करणारा माणूस जिवापाड धडपडत असतो. लिंगाचेही तसेच. उर्दूतली किताब 'मेरी' असते, मराठीतले पुस्तक 'माझे' असते. उर्दूत नपुंसकलिंगच नाही. अशी कार्डे तुमच्या वहीतूनच निघतील. तीही सुटा शब्द लिहून करू नका. छोटे वाक्य लिहा आणि हवी तेथे रिकामी जागा सोडा.

कोणी म्हणेल, ही घोकंपट्टीच झाली. न समजता पाठ केले तर ती घोकंपट्टीच, यात वाद नाही. म्हणून आधी समजून घ्यायचे, मगच कार्ड करायचे. पण अर्थ मोबाईलमध्ये सापडतो, मग लक्षात कशाला ठेवायचा, हे म्हणणे मला पटत नाही. दवाखान्यात आजीला काय होते ते डॉक्टरांना सांगताना, किंवा तहसील कचेरीत अर्ज भरताना, दर शब्दाला मोबाईल काढणार का?

आणखी एक. उत्तर पाहिल्यावर आन्कीत चार बटणे दिसतात : पुन्हा, कठीण, ठीक, सोपे. येथे कोणी पाहत नाही. न आलेल्या शब्दाला 'सोपे' दाबले तर तो शब्द बरेच दिवस तोंड दाखवत नाही, आणि फसतो तो आपणच.

घरात एकच मोबाईल असेल आणि तो अब्बांबरोबर कामावर जात असेल, तर चपलांचा खोका घ्या, पुठ्ठ्याचे कप्पे करा आणि जुन्या वह्यांच्या कोऱ्या कागदांची कार्डे कापा. तारखा तुम्हाला मोजाव्या लागतील, एवढाच फरक. रोज पाच नवी कार्डे पुरेत. ईदच्या सुटीत चार दिवस उजळणी राहून गेली, तर परतल्यावर कार्डांचा ढीग दिसेल आणि सगळे सोडून द्यावेसे वाटेल. त्या आठवड्यात नवे कार्ड एकही घालू नका. रोज वीस-तीस जुनी कार्डे काढा आणि ढीग संपल्यावरच वहीचे पुढचे पान उघडा.