घरभाड्याचा आकडा आपण कुणाला विचारून ठरवतो?



माधवनगरला 'भाव आला' असं हल्ली सगळेच म्हणतात. बस्तीत दर्शनाला गेलं तरी तेच, लग्नाच्या पंगतीत बसलं तरी तेच. कुणाच्या गुंठ्याला किती आले, कुणी जुनं घर बिल्डरला दिलं, कुणाला वर दोन फ्लॅट आणि खाली एक गाळा मिळाला. ऐकायला बरं वाटतं, खोटं कशाला बोलू? आमचंही घर इथंच आहे आणि त्याचाही भाव वाढलाच आहे. पण एवढ्या बोलण्यात घरभाड्याचा आकडा कुणी काढत नाही. आज त्यावर लिहिते, कारण आपल्यासारख्या घरांत तो आकडा बिल्डर ठरवत नाही की सरकार ठरवत नाही. संध्याकाळी चहा पिता पिता स्वयंपाकघरात ठरतो, आणि तेव्हा आपण तिथंच उभ्या असतो.

इथून लग्न होऊन लांब गेलेल्या मुलींसाठी आधी थोडं सांगते. माधवनगर सांगलीला अगदी लागून, तरी महापालिकेत नाही, अजून ग्रामपंचायतच. वारांच्या नावाच्या पेठा, कॉटन मिल आणि यंत्रमाग, यांवर हे गाव उभं राहिलं. मिल बंद पडून जमाना झाला. मागांचा खडखडाटही पूर्वीसारखा राहिला नाही. मधली कितीतरी वर्षं 'माधवनगरात काय आहे आता' असंच लोक म्हणायचे.

मग पूर आला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७.५ फुटांवर गेलं. धोक्याची पातळी ४५ फूट. २००५ चं पाणी जिथवर आलं होतं त्याच्या वर सामान ठेवून निर्धास्त बसलेली माणसंही त्या वेळी फसली. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. माझ्या एका चुलत नणंदेचं घर गावभागात. दोन वर्षांत दोनदा तिनं चिखल उपसला, दोनदा गाद्या फेकल्या, आणि लग्नातला शालू दोरीवर वाळत घातलेला बघून ती मटकन खाली बसली. त्यानंतर तिनं ठरवलं, आता उंचावर राहायचं. गावभाग-खणभागातल्या ज्यांना परवडलं त्यांनी असंच ठरवलं. कुणी विश्रामबागला गेले, कुणी कुपवाडकडे, कुणी आमच्या बाजूला. मध्ये रेल्वेच्या कामासाठी चिंतामणीनगरचा पूल पाडला होता. वर्षाहून जास्त काळ वळसा घालून जावं लागायचं, तेव्हा गाळे ओस पडले होते. पूल झाला, रस्ता मोकळा झाला आणि भाव एकदम उसळला.

म्हणजे येणारी माणसं काही वाईट नाहीत. पुराला भिऊन आलेल्या बाईला मी बाहेरची म्हणणार नाही, ती तर माझी नणंदच आहे. पण तिच्यासाठी जी जागा रिकामी झाली, तिथं आधी कुणीतरी राहत होतं.

आमच्या बोळात मागच्या बाजूला दोन खोल्यांत एक मावशी राहायच्या. तरुणपणी मागावर कांड्या भरायच्या. मागाचं काम सुटल्यावर पाच घरी स्वयंपाकाला जायच्या, आमच्याकडेही यायच्या. भाडं २,२०० रुपये. मालक आपल्याच समाजातले, बस्तीत पहिल्या रांगेत बसणारे. त्यांनी एका महिन्यात भाडं ६,००० केलं. भांडण नाही, तंटा नाही, 'बाहेर हाच रेट चाललाय' एवढंच सांगितलं. मावशी कवलापूरच्या बाजूला गेल्या. आता वडापने येतात. रोजचे चाळीस रुपये त्यात जातात, सकाळी सातला येणारी बाई नऊला पोचते, आणि संध्याकाळचं तर कामच सुटलं. आपल्या घरांत दिवस मावळायच्या आत जेवणं उरकायची असतात, म्हणजे स्वयंपाकाला बाई साडेचार-पाचला हवी. त्या वेळी येऊन परत जायचं तर त्यांना घरी पोचायला रात्र होते. मग भिशीत बसून आपणच कुरकुरतो, 'कामाला बायकाच मिळत नाहीत गं आता!' अगं, मिळतील कुठून? आपणच त्यांना सहा-सात किलोमीटर लांब नेऊन ठेवलंय.

पिठाच्या गिरणीचंही तेच झालं. जागेचं भाडं वाढलं, गिरणीवाले काका उठले, तिथं आता थंड कॉफी मिळते. कॉफीला माझी ना नाही, मुलं खूश आहेत. पण ज्वारी दळायला मला रिक्षा करावी लागते आणि त्या कॉफीच्या दुकानात उधारीची वही नाही. महिनाअखेरीला हात आखडला की ज्यांचं घर त्या वहीवर चालायचं, त्यांना हा फरक माझ्यापेक्षा जास्त कळतो.

याला इंग्रजीत जेंट्रिफिकेशन म्हणतात. रूथ ग्लास नावाच्या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९६४ मध्ये लंडनबद्दल लिहिताना हा शब्द काढला. जेंट्री म्हणजे जमीनजुमलावाली खानदानी मंडळी. कामगारांच्या वस्तीत पैसेवाले राहायला येतात, घरं सुंदर होतात, आणि मूळचे लोक एकेक करून निघून जातात.

आपल्याकडे याचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे मुंबईचं गिरणगाव. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. पुढं गिरण्या बंद पडत गेल्या आणि त्यांच्या जमिनीला सोन्याचा भाव आला. १९९१ च्या नियमात त्या जमिनीची साधारण तीन हिस्स्यांत वाटणी होती. एक मोकळ्या जागेला, एक म्हाडाच्या घरांना, एक मालकाला. २००१ मध्ये तो नियम असा बदलला, की वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली. प्रकरण कोर्टात गेलं आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बदललेला नियमच कायम ठेवला. फिनिक्स मिलचा मॉल झाला, तो आपल्यातल्या बऱ्याच जणींनी बघितलाय. मला मात्र त्या भागात गेलं की खानावळवाल्या बायका आठवतात. गिरणीतल्या एकट्या कामगारांना डबा-जेवण घालून त्यांनी आपली घरं चालवली. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते याच बायकांना घेऊन. जेवणारे कामगारच गेले, तेव्हा त्या चुलींचं काय झालं असेल हे बाईला सांगायला नको.

तिथं निदान बोट दाखवायला गिरणीमालक होते, सरकार होतं. माधवनगरात कोण आहे? मागच्या अंगाला दोन खोल्या असलेले तुम्ही-आम्ही.

आता थोडं धर्माचं बोलते, कारण हा विषय थेट आपल्या व्रतात येतो. पर्युषणात रोज तत्त्वार्थसूत्राचा एकेक अध्याय वाचतात, दहा दिवसांत दहा. सातव्या दिवशी येणारा सातवा अध्याय व्रतांचा. परिग्रह-परिमाण व्रताचे अतिचार सांगताना त्यात पहिली जोडी कोणती दिली आहे? क्षेत्र आणि वास्तू. म्हणजे शेत आणि घर. सोनंनाणं त्याच्या नंतर येतं. आपण मात्र मर्यादा घ्यायची म्हटलं की साड्या मोजतो, बांगड्या मोजतो, हिरव्या भाज्या मोजतो. 'इतक्याच साड्या ठेवीन' असं व्रत घेतलेल्या दहा जणी मी दाखवीन. 'तिसरा फ्लॅट घेणार नाही' म्हणणारी एखादी दाखवा. आणि घेतलेला तो तिसरा फ्लॅट बहुतेक वेळा कुलूप लावून ठेवलेला असतो, भाव अजून वाढेल म्हणून.

माझ्या सासूबाईंचं शिक्षण चौथीपर्यंत. त्यांचा भाड्याचा हिशेब वहीत होता. घरपट्टी, पाणीपट्टी, दरवर्षी कौलं चाळायचा खर्च आणि त्यावर थोडं. भाडं वाढवायचं तर दिवाळी पाडव्याला, तेही आधी सांगून. बाहेर काय रेट चाललाय हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. बाजारातून आल्या की कांद्याबटाट्याचा, म्हणजे आपल्या घरात न येणाऱ्या वस्तूंचासुद्धा, भाव त्यांना तोंडपाठ असायचा! फक्त तो रेट त्या वहीत उतरवत नसत.

'मग आम्ही काय तोटा सोसायचा?' असं कुणी विचारेल. ज्या बाईचं म्हातारपण भाड्यावरच चाललंय, औषधपाणी त्यातून होतंय, तिला मी एक शब्द बोलणार नाही. तिनं जमेल तेवढं घ्यावं. पण आपल्यातल्या बहुतेक जणींचं तसं नाही, दुकान आहे, शेती आहे, मुलं नोकरीला आहेत. त्यांनी नव्या येणाऱ्याकडून बाजारभाव घेतला तर घ्या, पण घरात आधीपासून राहणाऱ्याला एका महिन्यात तिप्पट आकडा सांगू नका. वर्षाला दहा टक्के वाढवा, तीन वर्षांचा करार करा, म्हणजे त्याच्या मुलाची शाळा मध्येच सुटणार नाही. आणि करार करताना 'अकरा महिन्यांचा आहे, नोंदणी कशाला' या भ्रमात राहू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणी केलेलाच हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. भाडेकरू 'चिकटून बसेल' या भीतीनं आपण कागद टाळतो. मला विचाराल तर कागदानं दोघांचीही झोप नीट लागते.

दुसरी एक गोष्ट लिहिली की काही जणी रागावणार आहेत. नव्या इमारतींच्या दाराशी 'फक्त शाकाहारी कुटुंबांसाठी' अशी पाटी दिसते. माझ्या स्वयंपाकघरात कंदमूळ येत नाही, येणारही नाही. एकाच अंगणात, एकाच मोरीवर राहायचं असेल तर अशी अट मी समजू शकते. पण चार मजली इमारतीत, दार बंद केल्यावर, दुसऱ्याच्या तव्यावर काय आहे यानं माझं व्रत कसं मोडतं? आणि खरं सांगा, चौकशीला आलेल्या माणसाला आपण आधी काय विचारतो? आडनाव. ते ऐकूनच निम्म्या जणांना 'जागा गेली हो' असं उत्तर मिळतं, शाकाहारी असले तरी. ज्यांच्या आईबापांनी इथं माग चालवले, मिलमध्ये पाळ्या केल्या, त्यांच्याच मुलांना इथं जागा मिळत नाही. आमच्या घरात यावर एकमत नाही, हेही सांगून टाकते. ह्यांचं म्हणणं, समाज एकत्र राहिला तर बस्ती टिकते. माझं म्हणणं, बस्ती आजवर याच मिसळलेल्या पेठेत टिकली आहे.

आडांचंच बघा. आमच्या बोळात तीन आड होते. दोन पार्किंगखाली गेले, एक उरलाय, तोही जुन्या भाडेकरूंच्या अंगणात. चातुर्मासात त्यागींसाठी चौका लावायचा म्हटला की विहिरीचं पाणी लागतं. मग आपण ओलेत्यानं, कळशी घेऊन त्यांच्या दारात उभ्या राहतो. ते लोक जैन नाहीत. तरी पहाटे आडाभोवतीची जागा झाडून ठेवतात, आमचं पाणी भरून होईपर्यंत आपली बादली टाकत नाहीत, पोरांना मध्ये येऊ देत नाहीत. हे त्यांना कुणी शिकवलं नाही, तीस वर्षं शेजारी राहून झालं. उद्या ती घरं पाडली तर आडही जाईल आणि ही समजही. बोअरच्या पाण्याला टँकर सांगता येईल. पहाटे अंगण झाडून ठेवणारा शेजारी कुठून आणायचा?

आमच्याही घराला बिल्डरकडून प्रस्ताव आलाय. मी नको म्हटलेलं नाही. कौलं दरवर्षी गळतात, जिने चढवत नाहीत, लिफ्ट कुणाला नको? पण दोन गोष्टी करारात लिहून मागितल्या आहेत. मागच्या खोल्यांतल्या कुटुंबाला बांधकाम होईपर्यंत दुसरीकडचं भाडं द्यायचं आणि नंतर त्याच इमारतीत एक खोली-स्वयंपाकघर, त्यांना झेपेल अशा भाड्यानं, निदान दहा वर्षांसाठी. दुसरं म्हणजे आमच्या हद्दीत आडाचा जो अर्धा काठ येतो, तो बुजवायचा नाही. बिल्डर म्हणतो, दोन गाड्यांची जागा कमी होईल. मुलगा पुण्याहून फोनवर म्हणतो, "आई, हिशेब बसत नाही." हे काहीच म्हणत नाहीत, म्हणजे निम्मे माझ्या बाजूचे आहेत असं मी धरून चाललेय.

रविवारी मुलगा येतोय. सासूबाईंची वही ट्रंकेतून काढून ठेवली आहे.