काचेवरची अक्षरे कुणासाठी?

विठ्ठलवाडी स्थानकातून बाहेर पडलात की दुकानांच्या काचांकडे एकदा नीट पाहा. कुठे मोबाइलची चित्रे, कुठे नवरीचा काचभर पसरलेला फोटो आणि त्यावर चार रंगांत दहा ओळी! दुकानदाराचे पैसे भरपूर खर्च झालेले असतात. पण रस्त्याच्या पलीकडे उभे राहून त्यांतल्या किती ओळी वाचता येतात? माझे मत असे की, या काचा सजवताना आपण एक साधी गोष्ट विसरतो. काच म्हणजे भिंत नव्हे.

काचेवर प्रकाश सरळ पडला, तर तिच्या दोन पृष्ठभागांवरून मिळून सुमारे ८ टक्के प्रकाश परत फिरतो. ८ टक्के म्हणजे अगदीच थोडा, असे वाटेल. पण हिशेब करून पाहा. भर दुपारी उन्हात प्रकाशाची तीव्रता सुमारे १ लाख लक्स असते; दुकानात समजा ५०० लक्स आहे. १ लाखाचे ८ टक्के म्हणजे ८,०००. म्हणून समोरच्या उन्हातल्या रिक्षेचे प्रतिबिंब आतल्या मालापेक्षा कितीतरी ठळक दिसते. रात्री बाहेर अंधार आणि आत दिवे, तेव्हा हेच चित्र उलटते.

आता अक्षरांकडे वळू. काचेवर चिकटवायच्या अक्षरांना आपल्याकडे ‘रेडियमची अक्षरे’ म्हणतात. क्यूरी पतिपत्नींनी १८९८ मध्ये शोधलेल्या रेडियमचा त्यांत कणही नसतो. ते असते रंगीत प्लास्टिकचे पातळ पान. अशी पांढरी अक्षरे काचेच्या बाहेरच्या बाजूला लावली, तर दिवसा काळसर काचेवर ती उजळ दिसतात. रात्री आतल्या उजेडापुढे तीच अक्षरे काळी दिसतात. मग मधल्या वेळी काय होते? तिन्हीसांजेला एक क्षण असा येतो की, अक्षराची आणि मागच्या उजेडाची दीप्ती सारखी होते. अक्षरे जवळजवळ नाहीशी होतात! आणि नेमक्या याच सुमारास लोकलमधून उतरलेली माणसे दुकाने शोधत असतात.

उपाय सोपा आहे. अक्षरांच्या मागे गडद रंगाची अपारदर्शक पट्टी लावावी. अक्षर आणि पट्टी या दोहोंवर एकच प्रकाश पडतो. तो वाढो वा कमी होवो, दोहोंच्या दीप्तीचे गुणोत्तर कायम राहते.

अक्षर केवढे असावे, हे डोळाच सांगतो. निरोगी डोळ्याला सुमारे १ कला कोनाएवढे बारकावे वेगळे ओळखता येतात. म्हणून डॉक्टरांच्या तक्त्यावर ६ मीटरवरून वाचायचे इंग्रजी अक्षर ५ कला कोन करणारे, म्हणजे सुमारे ९ मिलिमीटर उंचीचे असते. १८ मीटरवरून वाचायचे तर ते २६ मिलिमीटर हवे. पण ही झाली किमान मर्यादा. गर्दीतून चालणाऱ्याला, आणि मोतीबिंदू झालेल्या आजोबांना, याच्या तिप्पट उंचीही जास्त नव्हे.

देवनागरीला तर त्याहूनही जास्त जागा लागते. शिरोरेखेच्या वर वेलांटी आणि मात्रा, खाली उकार. या सर्वांना जागा दिली की मूळ अक्षराच्या वाट्याला थोडीच उंची उरते. महाराष्ट्रात २०२२ साली कायद्यात दुरुस्ती झाली. दुकानाच्या नामफलकावरील मराठी अक्षरे इतर भाषांतील अक्षरांपेक्षा लहान नसावीत, असे ठरले. हे योग्यच झाले. परंतु मला वाटते, फलक असो की काच, माप घ्यावे ते शिरोरेखेपासून अक्षराच्या तळापर्यंत. नाहीतर उंची सारखी भरेल आणि मराठी तेवढे अंधूक राहील. मराठी नाटकांची नावे रेखाटणारे कमल शेडगे आठवा. अक्षर सुंदर आणि सुवाच्य, दोन्ही असू शकते, हे त्यांनी वर्तमानपत्रांतल्या नाटकांच्या जाहिरातींतून दाखवून दिले.

दुकानदार म्हणतील, “मोठे चित्र असले की गिऱ्हाईक थबकते.” थबकेलही. परंतु रात्री औषध शोधत धावपळ करणाऱ्या माणसाला चित्र नको असते. त्याला नाव वाचायचे असते आणि दुकान उघडे आहे की नाही, ते काचेतून दिसायला हवे असते. म्हणून नाव, कामाची एक ओळ आणि वेळ एवढेच पट्टीवर असावे. बाकीची काच मोकळी सोडावी. दिवसा उजेडही आत येईल.

तुम्ही एवढे करा. ओळखीच्या एका दुकानासमोर दुपारी, तिन्हीसांजेला आणि रात्री जा. नाव वाचता येईनासे होईपर्यंत, रस्ता सांभाळून, मागे सरका आणि पावले मोजा. तीन आकडे वहीत लिहा आणि दुकानदारकाकांना दाखवा. पुढच्या वेळी काच सजवताना त्यांना ते उपयोगी पडतील.